लांबड्यातला खर्ज

माझ्या बायकोच्या मते आमच्या बँडला सगळं येतं, फक्त गाणं संपवता येत नाही. तिने त्यांना आयुष्यात एकदाच ऐकलं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. परत येताना मला म्हणाली, "अहो, ते लोक वाजवत होते की हरवलेलं काहीतरी शोधत होते?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी मोजकंच बोललो. मग एकदा पीठ मळता मळता वाटलं, बाई बोलली ते बरोबरच आहे. शोधतच असतात ते. म्हणून तर मी जातो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच जण आहेत. गाणं सुरू होतं तेव्हा ते चारचौघांसारखंच असतं, दोन कडवी, ध्रुपद, सगळं जागच्या जागी. मग गिटारवाला हळूच गाण्याच्या बाहेर पाऊल टाकतो आणि बाकीचे त्याच्यामागे निघतात. पुढे काय होणार हे त्यांनाही माहीत नसतं. कधी दहा मिनिटांत परत येतात, कधी पाऊण तास भटकतात, कधी चक्क वाट चुकतात आणि आपण उभ्याउभ्या बघत राहतो, की आता ही मंडळी घरी कशी पोचणार. एकेक गाणं मी कितीदा ऐकलंय याला सुमार नाही, पण एकदा ऐकलेलं पुन्हा तसंच्या तसं कधी ऐकलेलं नाही. "तेच तेच काय ऐकता?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. तेच नसतं हो! तेच तर माझं काम असतं. मी बेकरीवाला. कालचा पाव आणि आजचा पाव यात तसूभर फरक पडला तर गिऱ्हाईक काउंटरवर येऊन भांडतं. आयुष्यभर उजाडायच्या आत उठून मी रोज तोच पाव काढला. मग महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, ज्याचं पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही असं काहीतरी ऐकायला गेलो, तर त्यात एवढं नाक मुरडण्यासारखं काय आहे?

त्यांच्या एका गाण्याला आम्ही 'लांबडं' म्हणतो. खरं नाव वेगळं आहे, पण ते आता बँडलाही आठवत नसावं. लांबडं फिरत फिरत जातं, मोठं होतं, अंगावर येतं, मग उतरायला लागतं. एकेक वाद्य गप्प होतं. शेवटी झांजेवर नुसता ब्रश फिरतो, मग तोही थांबतो. सगळी जागा चिडीचूप. आणि मग टाळ्या वाजतात. प्रेक्षकांतून कोणीतरी एकजण वाजवतो. आधी एक. मग जरा थांबून, पाठोपाठ दोन. ड्रमवाला तोच ठेका उचलतो, बँड पुन्हा उभा राहतो आणि सगळे मिळून गाणं घरी आणतात. टाळी वाजल्याशिवाय बँड हलत नाही. ज्याला धीर होतो तो वाजवतो. ही आमच्याकडची रीत आहे, आणि ही रीत माझ्या लेकीने पाडली.

हे शेवटचं वाक्य मी इतकी वर्षं कोणापुढेही उच्चारलेलं नव्हतं. का, तेच सांगतो.

लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिची आई बहिणीकडे गेली होती, बँड आमच्या गावात आला होता, रविवारची दुपार होती आणि जागा म्हणजे बस डेपोची रिकामी शेड. पोरीला ठेवणार कुठे? घेतली बरोबर. आदल्या दिवशी भट्टीवरचा माणूस आला नव्हता, त्यामुळे रात्रभर मी एकटाच होतो. आंघोळ न करता, अंगावर पीठ तसंच घेऊन, पावाचा एक रिकामा क्रेट उचलून थेट शेडमध्ये गेलो. क्रेट उलटा केला आणि दोघं त्यावर टेकलो.

आम्ही बसलो होतो माइकवाल्याच्या रिंगणात. माइकवाला हा आमच्यातलाच. शाळेत भूगोल शिकवायचा. बँड जिथे वाजवेल तिथे उंच स्टँड, त्यावर दोन माइक आणि कानावर हेडफोन घेऊन हा हजर. बँडची परवानगी असते. त्याने घेतलेली रेकॉर्डिंगं मग आमच्यात हातोहात फिरतात. त्याच्या स्टँडभोवती दोन-दोन हातांचं रिंगण. रिंगणात बोलायचं नाही, खोकायचं नाही, गुणगुणायचं नाही, गोळीचा कागदसुद्धा सोडायचा नाही. आवाज केला की माइकवाला मान वळवून असा बघतो की वर्गात पकडलेल्या पोरासारखं वाटतं, आणि पुन्हा केला तर दंडाला धरून बाहेर काढतो. मी कायम तिथेच, कारण आवाज तिथे सगळ्यांत चांगला पोचतो आणि मला गप्प बसता येतं. माझ्या बायकोला हे शेवटचं पटत नाही, पण ते सोडा.

त्या दुपारी लांबडं जे रंगलं, तसं पुन्हा कधी रंगलं नाही. उतरत उतरत ते अशा तळाशी गेलं की मी डोळे मिटून घेतले. त्या शांततेत असा बुडालो की कानाशी टाळी वाजली तेव्हा अक्षरशः दचकलो. बघतो तर माझी पोरगी! एक आधीच वाजवून झाली होती, मी दचकलो ती पुढच्या दोनांतली. स्टेजवर ड्रमवाला हसला आणि त्याने तो ठेका धरला. एक, मग दोन. एक, मग दोन. बेस आला, गिटार आली, आणि पुढची वीस मिनिटं काय झालं ते सांगायला शब्द नाहीत. म्हणजे आहेत, मी ते हजारदा सांगितलंय, पण ऐकणारे कंटाळतात.

माइकवाला मात्र भडकला होता. घरी जाऊन त्याने कॅसेट ऐकली आणि त्याचा राग पळाला. महिन्याभरात ती कॅसेट सगळीकडे पोचली. तिला नावही पडलं, 'टाळ्यांची दुपार'. पुढच्या खेपेला लांबडं शांत झालं तेव्हा मागून कोणीतरी वाजवली. एक, मग दोन. ड्रमवाल्याने उचलली. तेव्हापासून ती रीत झाली.

लेक माझ्याबरोबर येत राहिली. पंधराची होईपर्यंत. मग एकदा मध्यंतरात चारपाच जण त्या कॅसेटवर बोलत होते. ते पोर कोणाचं हे सगळ्यांना ठाऊकच आहे असं मी धरून चाललो होतो, पण एव्हाना ते कोणालाच आठवत नव्हतं, माइकवाल्यालाही नाही. तोच म्हणाला, "पोर जरा मंदच असणार. गाणं संपलं का चालू आहे तेही कळेना!" सगळे खो खो हसले. मी तोंड उघडणार एवढ्यात लेकीने माझा दंड धरला. घरी येताना बसमध्ये म्हणाली, "बाबा, ती मी होते हे कोणालाही सांगायचं नाही. कधीच. माझी शपथ आहे." मी म्हटलं, बरं. त्यानंतर ती आली नाही.

मी शपथ पाळली. तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. तुम्ही कशाचे तरी वेडे असाल तर कळेल. ज्या गोष्टीवर सगळी बिरादरी जीव टाकते ती तुमच्या पोरीने केली, तुमच्या क्रेटवर बसून केली, आणि तुम्ही तोंड शिवून बसायचं! वर आमच्यात एकजण आहे, चष्म्याचं दुकान चालवतो. तो छातीठोकपणे सांगतो की ते पोर म्हणजे त्याचा पुतण्या. आम्ही त्याला पुतण्याकाका म्हणतो. दर खेपेला पुतण्याचं वय बदलतं, शर्टाचा रंग बदलतो. मी शेजारी उभा राहून "हो का?" म्हणतो आणि आतल्या आत उकळतो.

तिकिटं मात्र मी कायम दोन काढत आलो. बायको म्हणायची, "दुसरं कोणासाठी?" मी म्हणायचो, असू दे एक. दुसरं तिकीट मग दारावर कोणाला तरी देऊन टाकायचो. लेक आता लिफ्ट दुरुस्त करते. मोठमोठ्या इमारतींत, कमरेला पट्टा बांधून, हातात पाना घेऊन. बँडबद्दल तिचं मत विचाराल तर म्हणते, "बटण दाबलेल्या मजल्यावर न थांबणारी लिफ्ट आहे ती. मी असते तर बंदचा बोर्ड लावला असता." येतेस का, असं मी दर वेळी विचारायचो. ती दर वेळी नाही म्हणायची, हसून, पण नाहीच.

आणि मग यंदा बँडने जाहीर केलं की आता बास. बेसवाल्याची बोटं दुखतात, बाकीच्यांचीही वयं झाली. एकच शेवटचा कार्यक्रम, त्याच डेपोच्या शेडमध्ये, रविवारी दुपारी.

मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण त्यांनी पोटभर दिलं होतं, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? मला एकच गोष्ट लागून राहिली होती. संपायच्या आत एकदा, फक्त एकदा, लेकीबरोबर तिथे उभं राहायचं होतं. पुढच्या खेपेला येईल, पुढच्या खेपेला येईल, असं म्हणत मी इतकी वर्षं काढली होती. आता पुढची खेप नव्हती.

तिला विचारायचा धीर होईना. ते काम डोळ्यांच्या डॉक्टरने केलं. नुकतंच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याने मला गाडी चालवायची मनाई केली. बायकोला गाडी येत नाही. तिने लेकीला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या बापाला त्या शोधाशोधवाल्यांकडे सोडून ये बाई. नाहीतर हे चालत जातील."

लेक आली. गाडीत बसताना म्हणाली, "सोडते आणि बाहेर थांबते. आत येणार नाही." मी म्हटलं, "मी कुठे काय म्हणालो?"

पण क्रेट होता ना. तो मी आजही नेतो, गुडघ्यांना बरा पडतो. डॉक्टरने वजन उचलायलाही बंदी केली होती. लेकीने क्रेट उचलला आणि दारापर्यंत आली. दारावरच्या माणसाने तिकीट मागितलं. मी खिशातून दोन्ही काढली. तिने तिकिटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दोन काढलीत?"

"दोनच काढतो."

"कधीपासून?"

मी तिकिटं दारावरच्या माणसाच्या हातात दिली. ती क्षणभर उभी राहिली, मग क्रेट दुसऱ्या हातात घेऊन आत शिरली. "मध्यंतरापर्यंत," एवढंच म्हणाली. माझा आनंद गगनात मावेना, पण चेहरा मी कामाला जाणाऱ्या माणसासारखा ठेवला.

शेडमध्ये सगळे जुने चेहरे. माइकवाला स्टँड उभा करत होता. "ही लेक," मी म्हटलं. पंधराव्या वर्षीची पोर त्याच्या लक्षात असायचं कारण नव्हतं. "वा, वा," म्हणाला आणि वायरींत डोकं घातलं. पुतण्याकाका आला, आणि आला तो सुरूच झाला. "मुली, तुला ठाऊक आहे का, टाळ्यांच्या दुपारी जो मुलगा होता..." लेक अगदी लक्ष देऊन ऐकत होती. "हो? पुतण्या? मग तो आता काय करतो?" तो गडबडला. "परदेशात असतो," म्हणाला. तिने माझ्याकडे असा काही कटाक्ष टाकला की मला बूट बघावे लागले.

पहिला भाग बेताचाच झाला. खोटं का बोला? दोन गाणी वाट चुकली, एकात गिटारची तार तुटली. मला चालतं ते. पण लेक शेजारी असताना ती तार तुटायला नको होती. मध्यंतर झालं तेव्हा माझा जीव टांगणीला, आता ही म्हणणार, निघू या. तेवढ्यात माइकवाला हेडफोन गळ्यात अडकवून आमच्याकडे वळला. शेवटचा दिवस म्हणून त्याला बोलायचं होतं. आणि तो खर्जावर आला.

खर्जाची गोष्ट लेकीला माहीत नव्हती, कारण ती नंतरची. काही वर्षांपूर्वी माइकवाल्याने जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर साफ केल्या. तेव्हा 'टाळ्यांच्या दुपारी'त, टाळ्यांच्या अगदी आधी, शांततेच्या तळाशी, त्याला एक आवाज सापडला. खूप खाली, लांबलचक, जरा चढणारा आणि पुन्हा उतरणारा. तीनदा. हा म्हणाला, बेसवाला अंगठा तारेवर घासून हा खर्ज काढतोय, ही जगातली सगळ्यांत अवघड गोष्ट आहे. त्यावर आमच्यात वाद झाले, भांडणं झाली, दोघांनी एकमेकांशी बोलणं सोडलं. शेवटी कोणीतरी बेसवाल्यालाच विचारलं. तो नुसता हसला. पण पुढच्या कार्यक्रमापासून टाळ्यांच्या आधी तो तीनदा खर्ज वाजवायला लागला.

"ऐकवतो तुला," माइकवाला लेकीला म्हणाला आणि हेडफोन तिच्या कानांवर चढवले. ती ऐकत होती. आधी कपाळावर आठी आली. मग डोळे मोठे झाले. मग तिने तोंडावर हात धरला आणि फुटलीच. हसणं थांबेना. माइकवाल्याचा चेहरा पडला. ती हेडफोन त्याच्या हातात कोंबून बाहेर पळाली.

मी तिच्यामागे. शेडच्या मागच्या बाजूला पाण्याचा नळ आहे, तिथे ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती. माझं टाळकं सरकलं होतं.

"एवढं हसायला काय झालं? नाही आवडत, नको आवडू दे! पण एक माणूस प्रेमाने काही ऐकवतो आणि तू... आणि मी इतकी वर्षं, त्या चष्मेवाल्याच्या थापा ऐकत, तोंड शिवून..."

"बाबा. बाबा, ऐका. तो बेसवाला नाही."

"मग कोण?"

"तुम्ही."

ती कोणाला म्हणते आहे ते बघायला मी मागे वळलो.

"तुम्ही घोरत होतात बाबा. तुमची मान माझ्या खांद्यावर पडली होती. ते वाजवत होते तोवर ठीक होतं, कोणाला कळत नव्हतं. मग सगळं शांत झालं आणि तुमचं आपलं चालूच. तो माइकवाला मान वळवून, आवाज कुठून येतोय ते इकडेतिकडे बघायला लागला. तुम्हीच सांगितलं होतं मला, रिंगणात आवाज केला की तो बाहेर काढतो म्हणून. मला वाटलं, आता तुम्हाला काढणार. मी कानाशी एक टाळी वाजवली. तुम्ही उठला नाहीत. मग दोन वाजवल्या."

नळ ठिबकत होता. मी कपाळाला हात लावला. एक, मग जरा थांबून, दोन. इतक्या वर्षांत हजारो लोकांनी त्या मधल्या थांबण्याबद्दल काय काय म्हटलं होतं! मीही म्हटलं होतं.

"मग तू बोलली का नाहीस?"

"आई परत आल्यावर तुम्ही तिला सांगत होतात, ती शांतता कसली होती म्हणून. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय सांगणार?" तिने बाही सारखी केली. "आणि नंतर ते लोक मला मंद म्हणाले, तेव्हा सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण मग तुमचं नाव घ्यावं लागलं असतं. त्या सगळ्यांपुढे. मला भीती वाटली, येत राहिले तर एक दिवस रागाने बोलून जाईन. म्हणून यायचंच सोडलं."

मी शपथ घेऊन तिचं गुपित सांभाळत होतो, आणि ती शपथ न घेता माझं. तिने त्यासाठी काय सोडलं हे मला त्या नळापाशी कळलं. काय करावं सुचेना म्हणून मी नळ सोडला आणि ओंजळ भरून तोंडाशी नेली.

"अहो, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका! डॉक्टर काय म्हणाले?" ती ओरडली आणि तिने स्वतःच्या रुमालाने माझं तोंड पुसलं, अगदी लहान पोराचं पुसावं तसं.

"निघायचं?" मी विचारलं. "तू मध्यंतरापर्यंत म्हणाली होतीस."

"आता कशी निघू? तो माणूस खर्ज वाजवणार आहे ना?"

दुसऱ्या भागात त्यांनी लांबडं घेतलं. शेवटचं लांबडं. मी क्रेटवर बसलो नाही, उभा राहिलो. लेक शेजारी होती. ते फिरलं, चढलं, एकदा वाट चुकलं असं वाटलं आणि मग कुठून तरी असं वर आलं की पुतण्याकाकाने माझा हात घट्ट धरला. मग उतरायला लागलं. एकेक वाद्य गप्प झालं. ब्रश थांबला. बेसवाल्याने दुखऱ्या अंगठ्याने खर्ज काढला. एकदा. आजूबाजूला लोक डोळे पुसत होते. दोनदा. लेकीचे खांदे गदगदत होते, तिने ओठ दातांखाली घट्ट धरले होते. तिसऱ्यांदा. मग तोही थांबला.

आणि टाळी वाजेना.

कोणी वाजवेना. मला लगेच कळलं. टाळी वाजली की गाणं घरी निघणार, आणि घरी पोचलं की संपलं, कायमचं. एवढ्या माणसांत ते पाप कोणाला करायचं नव्हतं. पुतण्याकाकाने हात मागे बांधून घेतले. माइकवाला हेडफोन दोन्ही हातांनी दाबून उभा होता. स्टेजवर पाचही जण वाट बघत होते. बाहेर एक बस मागे घेत होते, तिचा आवाज आला आणि गेला.

मी जागा होतो. टक्क जागा. आणि ती शांतता ऐकत होतो, पहिल्यांदा. जिचं वर्णन करून मी माझ्या बायकोला, शेजाऱ्यांना, पाव घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना पिडलं, ती मी आज पहिल्यांदा ऐकत होतो. मी वर्णन केलं होतं तशी ती नव्हती. तीत माणसांचे श्वास होते, बुटांची करकर होती, पत्र्यावर कबुतरं चालत होती. चांगली होती. मी सांगायचो त्याहून चांगली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

तिने एक टाळी वाजवली. मग थांबली, आणि वाकून माझ्या तोंडाकडे बघितलं, जागा आहे का नाही असं. मी हसलो. तिने पाठोपाठ दोन वाजवल्या.

ड्रमवाल्याने उचलली. गाणं घरी आलं. कसं आलं ते सांगत नाही, ऐकणारे कंटाळतात.

सगळं आवरून लोक निघायला लागले तरी माइकवाला स्टँडपाशीच उभा होता. त्याने हेडफोन काढले होते. तो लेकीकडे एकटक बघत होता.

"ते थांबणं," तो म्हणाला. "मी ते इतक्या वेळा ऐकलंय. तसं कोणालाच जमलं नव्हतं आजपर्यंत. ती... ती तू होतीस?"

लेकीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "शपथ सुटली, बाबा."

मग काय! मी बोललो. क्रेट, बस डेपो, सहा वर्षांची पोर, सगळं बोललो. पुतण्याकाका एकदम चष्मा पुसायला लागला. लोक लेकीभोवती जमले, हात मिळवायला लागले, एका बाईने तर तिला मिठीच मारली. इतकी वर्षं साठलेली फुशारकी मी पाच मिनिटांत मारून घेतली आणि मला अतोनात बरं वाटलं.

"म्हणजे तू अगदी बाजूला होतीस," माइकवाला तिला म्हणाला. "मग खर्ज? तो बेसवाल्याने कसा काढला, पाहिलंस?"

ती म्हणाली, "ते बाबांना विचारा. त्यांना जास्त माहीत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द न बोलता मी तिथून मान ताठ ठेवून निघू शकलो असतो. पोरीने तेवढी वाट मोकळी ठेवली होती. पण तिला एकदा मंद म्हणून झालं होतं, याच माणसांत.

"तो मी," मी म्हटलं. "रात्रभर भट्टीवर होतो. झोप लागली. घोरत होतो. मला उठवायला तिने टाळ्या वाजवल्या."

"काहीतरीच!" पुतण्याकाका म्हणाला. तो हे म्हणतो म्हणजे कमालच.

माइकवाला खाली क्रेटवर बसला. त्या खर्जापायी त्याने एका जुन्या मित्राशी बोलणं सोडलं होतं. बराच वेळ त्याने हाताने गुडघे चोळले. मग वर बघून अगदी गंभीरपणे म्हणाला, "पण सूर बरोबर होता."

लेक पुन्हा फुटली. या खेपेला मीही. मग माइकवालासुद्धा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याने उठून लेकीला म्हटलं, "मी तेव्हा चुकीचं बोललो होतो." तिला आठवतं हे त्याला कसं कळलं देव जाणे. ती म्हणाली, "असू दे काका."

परत येताना ऊन कलतं होतं. क्रेट मागच्या सीटवर खडखडत होता. लेक गाडी चालवता चालवता लांबड्याचा ठेका स्टिअरिंगवर बोटांनी वाजवत होती आणि तिला ते कळतही नव्हतं. मी काही बोललो नाही, बोललो असतो तर थांबली असती. आता बँड नाही, पुढची खेप नाही, दोन तिकिटं नाहीत, हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी माझं पोट भरलं होतं. मी मान मागे टेकली.

जाग आली तेव्हा गाडी थांबलेली होती. आमच्या फाटकाचा आवाज आला, बायको बाहेर येऊन म्हणत होती, "झोपले का हे? आणि हा आवाज कसला गं?"

"खर्ज," लेक म्हणाली.

कानाशी एक टाळी वाजली. मी जागा झालो होतो, पण डोळे उघडले नाहीत. अजून दोन यायच्या होत्या.